जामिनाला कोण उभं राहणार

तुमच्यातल्या माणसानं टांगेवाल्याचा हात मोडला म्हणे, असं मला कॉलेजच्या पायऱ्यांवर कळलं. सांगणारा माझा येळ्ळूरचा वर्गमित्र होता. त्याला मला दुखवायचं नव्हतं. ‘तुमच्यातल्या’ हा शब्द त्यानं सहज वापरला आणि मीही सहज विचारलं, “आमच्यातला कोण?” खरं तर विचारायची गरज नव्हती. बेळगावच्या कॅम्पात आम्हा बेने इस्राएल लोकांची घरं इतकी थोडी होती, की हात मोडणारा मिस्त्रीच असणार हे मला कळायला हवं होतं.

मिस्त्री म्हणजे आमच्यातला सुतार. लाकडाच्या वखारीत कामाला होता आणि वखारीच्याच मागच्या खोलीत बायको आणि दोन मुलींसह राहत होता. त्यानं बसवलेलं दार पावसाळ्यातसुद्धा घासत नसे. पण तो प्यायचा, आणि प्यायला की समोर येईल त्याच्याशी भांडायचा. त्या दिवशी गुत्त्यासमोर टांगा आडवा उभा होता, एवढ्यावरून त्यानं टांगेवाल्याला खाली ओढलं. टांगेवाल्याची काही चूक नव्हती. हे मी आधीच सांगतो, कारण पुढं मी जे काही बोलत फिरलो, त्यात मिस्त्री निर्दोष आहे असं मी एकदाही म्हटलं नव्हतं. तरी सगळ्यांनी मला उत्तर दिलं ते मी तसं म्हटल्यासारखंच.

माझंही सांगितलं पाहिजे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडिलांचा सदलग्याला तेलाचा घाणा. आजोबा कोकणातून घाट चढून आले, तेव्हापासून तोच धंदा. शनिवारी आमचा बैल सुटलेला असतो म्हणून गाव आम्हाला शनवारतेली म्हणतं. मी बेळगावात सुभेदारांच्या घरी राहत होतो. पलटणीतून निवृत्त झालेले हे आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे, आणि स्वतःचं घर असलेले बहुधा एकटेच. आम्ही प्रार्थनेच्या जागेला मशीद म्हणतो. ती बांधण्याइतके आम्ही बेळगावात नव्हतो, म्हणून सुभेदारांची पुढची खोली हीच आमची मशीद. तिथलं पवित्र ग्रंथाचं सागवानी कपाट मिस्त्रीनं केलेलं होतं.

आता या सगळ्याच्या दोनच दिवस आधीची गोष्ट. नव्याचा सण, म्हणजे आमचं वर्ष सुरू होतं तो दिवस, त्याच खोलीत झाला. मुंबईकडून एक हजान आले होते. हजान म्हणजे प्रार्थना चालवणारे. प्रार्थनेनंतर त्यांनी मराठीत चार शब्द सांगितले. आपल्या धर्मात पाप एकट्याचं नसतं, असं ते म्हणाले. पुढच्या उपासाच्या दिवशी आपण जी कबुली देतो तिच्यात ‘मी’ कुठंच नाही, सगळीकडं ‘आम्ही’ आहे. ज्यानं चोरी केली नाही तोही ‘आम्ही चोरी केली’ असं म्हणतो. का, तर ज्याला रोखता आलं असतं आणि ज्यानं रोखलं नाही, त्याच्याकडंही त्यातला वाटा येतो. आणि मग त्यांनी तो शब्द वापरला. इस्राएलातला प्रत्येक जण दुसऱ्याला जामीन आहे, असं आपले जुने गुरू शिकवून गेले.

सगळ्यांनी माना हलवल्या. सुभेदार तर “व्हय, व्हय, खरं हाय” असं मोठ्यानं म्हणाले. मला तो शब्द फार आवडला. कॉलेजात मी जे शिकत होतो ते सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी घरचं वाटायचं. हे पहिल्यांदाच काहीतरी आपलं, आणि तरी मोठं, असं वाटलं. जामीन हा शब्द मी अगदी शब्दशः घेतला. माझी चूक असली तर ती एवढीच.

कारण दोन दिवसांनी मिस्त्री आत गेला आणि कोर्टानं जामीन मागितला.

मी आधी वखारीवर गेलो. मिस्त्रीची बायको दारात तांदूळ निवडत होती. मी तिला मावशी म्हणायचो. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “आलास? तुला काय पायजे? त्याचं गुणगान ऐकायचंय?”

“मावशी, सोडवायला पाहिजे त्यांना.”

“सोडव की. कॉलेजात काय शिकवत्यात, कुलूप उघडायला?” तिनं सूप आपटलं. “आत हाय तर शुद्धीत तरी हाय. पर वखारवाला म्हनतोय, आठवड्यात मानूस कामावर न्हाय आला तर खोली दुसऱ्या सुताराला देनार. ह्या दोघींना घेऊन मी कुठं जाऊ, सांग. सुभेदाराच्या कपाटात बसू?”

हीच खरी अडचण होती. मिस्त्रीला शिक्षा व्हायची ती पुढं होईल. पण तोवर तो बाहेर आला नाही तर तिचं छप्पर जाणार होतं.

मी कोर्टात गेलो. तिथल्या कारकुनानं कानडीत, कोण रे तू म्हणून विचारलं, “यारप्पा नी?” आणि माझा चेहरा बघून तो मराठीत आला. मी सांगितलं, मी जामीन राहतो. त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“वय पुरं हाय का?”

“नाही.”

“घर? जमीन? कशाचा सारा भरतोस?”

“नाही.”

“मग बाळा, आधी तुलाच कोण जामीन ऱ्हातंय ते बघ.” शेजारचा शिपाई हसला. “नावावर कायतरी असलेला माणूस आण. तुमच्यात हैत की चार.”

त्यालाही ठाऊक होतं, की आमच्यात चार आहेत. म्हणून मला वाटलं, काम सोपं आहे.

मी पहिल्यांदा सुभेदारांकडं गेलो, कारण मी त्यांच्याच घरी जेवत होतो. ते ओसरीवर पगडी सारखी करत बसले होते.

“आजोबा, हजान म्हणाले होते ना, आपण एकमेकांना जामीन आहोत.”

“म्हनाले की. लई चांगलं बोलले.”

“मग मिस्त्रीला जामीन राहायला...”

त्यांनी पगडी मांडीवर ठेवली. “आरं, ते धर्माचं. हे कोर्टाचं.”

“शब्द तोच आहे.”

“शब्द तोच आसंल. कोर्टात माझं घर लिहून द्यावं लागतंय. हजान घर मागत न्हवते.”

मला कधीच पटकन सुचत नाही. खोलीत गेल्यावर सुचलं, आणि मी परत ओसरीवर आलो. मी म्हटलं, “आजोबा, हे कपाट केलं तेव्हा मिस्त्रीला निम्मी मजुरी रमच्या बाटल्यांत दिली होती. कँटीनच्या.”

हे खोटं नव्हतं. मी तेव्हा तिथंच होतो. मिस्त्रीनंच मागितल्या होत्या, आणि सुभेदारांना त्या स्वस्त पडत होत्या. पवित्र ग्रंथाचं कपाट त्या बाटल्यांवर उभं होतं, हे त्या क्षणापर्यंत माझ्याही मनात कधी आलं नव्हतं.

सुभेदार रागानं लाल झाले नाहीत. त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं. “मी त्याच्या नरड्यात वतली? पलटणीत सगळेच पितात. मी बी पितो. मी कुनाचा हात मोडला?”

मग आमच्यातल्याच ओव्हरसियरकडं गेलो. ते सरकारी नोकरीत, त्यांची पिरनवाडीच्या वाटेवर थोडी जागा. त्यांनी चहा दिला, मिस्त्रीचं फार वाईट वाटतं म्हणाले, आणि सांगितलं की सरकारी माणसानं फौजदारीत नाव घालणं बरं नव्हे. त्यांच्या बैठकीतली खुर्ची मिस्त्रीनंच केलेली. त्याच खुर्चीवर बसून मी चहा घेतला. दवाखान्यातले कंपाउंडर म्हणाले, टांगेवाल्याच्या हाताला पट्टी मीच बांधली, आता मीच जामीन कसा राहू? हे मला थोडं पटलं. पण ते पुढं म्हणाले, “आनि आपल्यातल्या लोकांची आब्रू घालवली त्यानं. बाजारात मला इचारत्यात, तुमच्यातला ना तो?” हे मला मुळीच पटलं नाही. बाजारानं आम्हाला केव्हाच त्याचे जामीन करून टाकलं होतं. लाज वाटायची वेळ आली की सगळे त्याचे, आणि सही करायची वेळ आली की तो एकट्याचा. मी हे कंपाउंडरना बोललो नाही. घरी येताना वाटेत बोललो, एकटाच, आणि एका म्हशीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

शेवटी मी निपाणीची मोटार धरून सदलग्याला गेलो. आप्पा, म्हणजे माझे वडील, घाण्यातून पेंड काढत होते. घर आणि घाणा आप्पांच्या नावावर होता. मी सगळं सांगितलं. हजानांचा शब्दही सांगितला. ते ऐकत ऐकत पेंड काढत राहिले.

“तुझी फी कशातनं जाती?” त्यांनी विचारलं.

“घाण्यातनं.”

“मग?”

एवढंच. मग बैलाला हाक मारून ते पुन्हा फिरू लागले. आई म्हणाली, “खाऊन जा, वाळलायस.” मला वाटलं, कुणी मला एकदा नीट ‘नाही’ तरी म्हणावं. चूक आहे, तुझं म्हणणं चूक आहे, असं कुणीतरी म्हणावं. तसं कुणीच म्हणत नव्हतं. सगळे मान हलवत होते आणि मागं सरत होते.

मिस्त्री सुटला तो वेगळ्याच कारणानं.

आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर ती होत नाही. ज्यानं त्यानं आपापलं म्हणायचं. बायका मोजत नाहीत. उपासाचा दिवस जवळ आला तसे सुभेदार बोटांवर मोजू लागले. हजान मुंबईला परतले होते आणि रेल्वेतला एक जण बदलून हुबळीला गेला होता. आप्पा येणार होते, मी होतो. सगळे धरून नऊ भरत होते. सुभेदारांनी तीनदा मोजलं. मग ओव्हरसियरना बोलावून घेतलं.

“मिस्त्री आसता तर भागलं आसतं.”

“न्हाय तरी तो कोपऱ्यात झोपूनच असायचा,” ओव्हरसियर म्हणाले.

“झोपंना. मोजायला झोपलेला चालतोय.”

आणि उपासाच्या आदल्या दिवशी सुभेदार पगडी घालून कोर्टात गेले आणि त्यांनी सही केली. मी त्यांच्याबरोबर होतो. ज्या कारणासाठी मी दारोदार फिरलो ते कारण सोडून भलत्याच कारणासाठी माझं काम झालं. आनंद व्हायला हवा होता. मला इतकी चीड आली, की मी सुभेदारांच्या पुढं पुढं चालू लागलो.

मिस्त्री बाहेर आला तो दाढी वाढलेला, डोळे स्वच्छ. सुभेदार त्याला म्हणाले, “उद्या दिवस मावळायच्या आत ये. न्हाऊन ये,” आणि टांग्यात बसून गेले. आम्ही दोघं चालत निघालो.

“कशापायी सोडवलं रं मला?” मिस्त्रीनं विचारलं. “तुझ्या बोलन्यानं?”

मी खोटं बोलायला हवं होतं की काय, ते मला अजून कळत नाही. मी म्हटलं, “दहावा कमी पडत होता.”

तो मोठ्यानं हसला. रस्त्यावरच्या बाईनं वळून बघितलं. “आस्सं! मग बरोबर हाय,” तो म्हणाला, आणि वखारीकडं झपझप चालू लागला.

उपासाला आम्ही रोजा म्हणतो आणि त्या दिवसाला दारफाळणीचा सण. संध्याकाळी दार लावायचं ते दुसऱ्या दिवशी उपास सुटेपर्यंत कुणासाठी उघडायचं नाही, परक्याचा स्पर्शसुद्धा होऊ द्यायचा नाही, ही पूर्वीपासूनची रीत. त्या संध्याकाळी आम्ही सगळे पांढरे कपडे घालून पुढच्या खोलीत बसलो. बायका आतल्या खोलीत. आप्पा सदलग्याहून आले होते. आम्ही नऊ जण होतो. दिवस कलत चालला आणि मिस्त्रीचा पत्ता नाही. सुभेदार दार लावू देईनात.

“येईल, येईल. दार राहू दे.”

दारफाळणीच्या सणाला आमचं दार सताड उघडं, आणि गल्लीतली पोरं आत डोकावून बघताहेत. समोरच्या घरातली म्हातारी पायरीवर येऊन उभी राहिली. “आज तुमचं बंद असतंय न्हवं?” तिनं विचारलं. ओव्हरसियरनी तोंड फिरवलं.

“जा, बघून ये,” सुभेदार मला म्हणाले. “पडला आसंल कुठंतरी पिऊन.”

मी पळतच वखारीवर गेलो. खोलीचं दार बंद होतं. आतून पुटपुटण्याचा आवाज येत होता. मी कडी वाजवली.

“कोन?” मिस्त्रीचा आवाज. शुद्धीतला.

“मी. सगळे थांबलेत. चला.”

“आज आमच्यात दार उघडत न्हाईत,” आतून उत्तर आलं.

“मिस्त्री, थट्टा नको. दहावे तुम्ही आहात.”

“थट्टा न्हाय रं पोरा.” तो दाराजवळ आला असावा; आवाज खाली आला. “न्हालोय. पांढरं घातलंय. पानी सोडलंय. हितं आमी चौघं हाव. आमी म्हनायला चौघं बास हाईत.”

“पण सुभेदारांनी सही केलीय...”

“व्हय. दहाव्यासाठनं केलीय. माझ्यासाठनं कुनी केली आसती तर तुझ्या आदी पळत आलो आसतो.”

आतून मावशी म्हणाली, “जा रं बाबा आता, दिवस गेला.”

मला त्याचा राग आला. हेही सांगायला पाहिजे. ज्याच्यासाठी मी एवढा हिंडलो, त्यानं मला एका लाकडी दाराशी उभं केलं होतं. तो म्हणत होता ते बरोबर होतं, आणि तरी नऊ माणसं तिकडं खोळंबली होती, त्यांत मी होतो, माझा बाप होता. आम्ही चुकलो म्हणून त्यानं आम्हाला सोडून द्यायचं? मग आमच्यात आणि त्याच्यात फरक काय उरला? मी हे दाराला विचारू शकलो असतो. त्याऐवजी मी मागं वळलो.

परत येऊन सांगितलं, तर सुभेदारांनी स्वतः उठून दार लावलं, इतक्या जोरानं की दिवा हलला. “उद्याचा रोजा सुटू दे,” ते म्हणाले. “शिळ्या सणाला जातो आनि जामीन काढून घेतो. जाऊ दे परत आत.”

मग नऊ जणांनी आपापलं म्हटलं. प्रत्येक जण वेगवेगळ्या गतीनं, वेगवेगळ्या सुरात, भिंतीकडं तोंड करून ‘आम्ही, आम्ही’ म्हणत होता. मला एकही ओळ मनापासून म्हणता आली नाही.

शिळा सण म्हणजे उपास सुटल्यानंतरचा दिवस. त्या दिवशी आम्ही दानधर्म करतो. सुभेदारांनी सकाळी दारात आलेल्या सगळ्यांना धान्य दिलं आणि पगडी घालून निघाले. मी त्यांच्या मागं. माझ्या मागं आप्पा. त्यांना खरं तर निपाणीची मोटार गाठायची होती. वाटभर मी सुभेदारांना विनवत होतो. खोली जाईल, मुली रस्त्यावर येतील. ते ऐकत होते, पण पाऊल थांबत नव्हतं.

कोर्टाच्या आवारात कारकून म्हणाला, “काढून घ्या की. पण मग आरोपी आजच आत जाणार. दुसरा कोण हाय?”

मी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी मला जरा बाजूला घेतलं.

“हे बघ. उद्या तो पळाला, तर घाण्यावर जप्ती येनार. घाना गेला तर तुझं कॉलेज गेलं. सोडशील?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मला परीक्षा दिसली, सदलग्याचा घाणा दिसला, त्याच्याभोवती फिरणारा बैल आणि बैलामागं फिरणारा मी. मग म्हटलं, “व्हय.”

“लई येळ लागला,” आप्पा म्हणाले. “सुभेदाराला बी एवढाच लागतोय.” आणि ते कारकुनाकडं गेले.

का गेले ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी नंतर विचारलं, तर म्हणाले, तुझं तोंड बंद व्हावं म्हणून. हजानांचं बोलणं त्यांनी स्वतः कधी ऐकलं नव्हतं. त्यांना ते पटलं असं मी म्हणणार नाही. मिस्त्रीची खोली राहिली. तो पुढच्याच महिन्यात पुन्हा प्यायला. त्यानं पिणं सोडलं असं लिहायला मला आवडलं असतं. रमच्या बाटल्यांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. सुभेदार त्या दिवसापासून माझ्याशी मोजकंच बोलू लागले, पण जेवायला वाढताना कमी करू दिलं नाही.

त्या दिवशी कारकुनानं कागद पुढं ओढला आणि आप्पांना विचारलं, “आरोपीशी नातं काय?”

आप्पा गोंधळले. “नातं... न्हाय.”

“जावई? मेहुणा? कुळ?”

“न्हाय.”

“मग जामीन कशाला ऱ्हाताय?”

आप्पांनी माझ्याकडं हात केला. “ह्याला इचारा. शिकलाय त्यो.”

कारकून टाक उचलून थांबला. मी सांगायला लागलो. आमच्यात असं मानतात की, म्हणजे प्रत्येकाचं जे चुकतं ते, म्हणजे फक्त त्याचं नसतं, तर... शब्द माझ्याकडं होता. तोच शब्द त्याच्या कागदावर वरच्या बाजूला ठळक लिहिलेला होता. पण नात्याच्या रकान्यात भरता येईल असं त्यातलं मला काही सांगता येईना. मागं आणखी माणसं उभी होती.

“बरं, बरं,” कारकून म्हणाला, आणि त्यानं ‘ओळखीचा’ असं लिहून आप्पांपुढं शाई सरकवली.